धनी चालतो माझ्या पाठी

सोलापूर, ता. ३ मार्च १९२९

महानंदा हिस सलाम.

‘सप्रेम’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता सलाम.

तू गेलीस त्याला सहा आठवडे झाले. मिरजेला दवाखान्यात कामाला लागलीस हे मला दूध घालणाऱ्या बाळाबाईकडून कळलं. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात आपण माझ्या बापाच्या एका घोंगडीत झोपलो, मास्तरणी झाल्यावर एका खोलीत राहिलो, आणि तुझा पत्ता मला दूधवालीनं सांगावा! बाळाबाई वर म्हणते कशी, “तुमास्नी ठावं न्हाय व्हय बाई? मला वाटलं तुमीच धाडलं.” मी दूध न मोजता आत आले.

जाताना पेटीवरचं फडकं धुऊन, घडी घालून ठेवलंस. माझ्यासाठी मात्र दोन ओळी ठेवल्या नाहीस. रागवायचं असेल तर राग. पण आधी मला रागवू दे, कारण फसवणूक माझी झाली आहे.

तो दिवस तू पाहिला नाहीस, म्हणून सांगते. संक्रांतीचा दुसरा दिवस. बालवर्गाची चाळीस पोरं मी देवी टोचायला नेली होती. परत येताना रस्ता गड्ड्याच्या जत्रेवरून. दंड सुजलेले, निम्मी पोरं रडत होती. एका कनातीतून ढोलकी वाजली, पाठोपाठ चाल आली, आणि ती छोटी माजिदा एकदम रडायची थांबली. म्हणाली, “बाई, तंबूत आपलं गानं लागलंया की!”

आपलंच होतं. ‘मेंढरू’. शब्द तिथले वेगळे, ते मी या कागदावर उतरवणार नाही. पण चाल तीच, तिसऱ्या ओळीतली हेलकाव्याची जागासुद्धा तीच. मी आवरायच्या आत चाळीसच्या चाळीस पोरं कनातीबाहेर उभी राहून बेंबीच्या देठापासून गायला लागली:

मेंढरू लहान, वाट मोठी,
धनी चालतो माझ्या पाठी.
थकले पाय नि बसलं खाली,
धन्याच्या खांद्यावर जागा झाली.

कनातीतली माणसं बाहेर आली. पोट धरून हसली. कुणी शिट्टी मारली. आणि त्या गर्दीत आपले ज्ञानबा मास्तर उभे, गीतपुस्तकाच्या कमिटीचे मुख्य! मला म्हणाले, “सोजरबाई, ही तर फडावरची लावणी!” आपण बैल बघायला आलो होतो, असंही त्यांनी न विचारता सांगितलं. मास्तरांच्या सात पिढ्यांत बैल नाही. पण त्या घटकेला मला त्यांचं हसू आलं नाही, कारण कनातीची कड वर झाली होती आणि आत घुंगरं बांधून जी बाई गात होती, ती मी ओळखली.

तुझी मावशी. दर गड्ड्याला शाळेच्या फाटकाशी येऊन तुला शेंगाचटणीची पुरचुंडी देणारी. ती चटणी मी वीस वर्षं खाल्ली आहे.

तू मला काय सांगितलं होतंस? “माझी आई मेली. निजवताना ती ही चाल म्हणायची, तेवढीच तिची माझ्याकडे आहे.” मी रडले होते गं. आईविना पोरीची चाल म्हणून मी तिच्यावर शब्द ठेवले. शब्द मी आणि चाली तू, असं दहा वर्षं चाललं आपलं. मी बोटांवर अक्षरं मोजत यायची, तू एका हातानं पेटीचा भाता हलवत म्हणायचीस, “एक अक्षर कमी कर, पोरांचा दम पुरत नाही.” एकवीस गाणी झाली अशी. त्यातलं हे पहिलं आणि सगळ्यांत लाडकं. आणि त्याच्या मुळाशी मेलेली आई नाही, फड आहे. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

कमिटीला तुझ्या मावशीचं कुणी सांगितलं, असं तू विचारशील. सोलापूर एवढंसं. भिंतींना कान असतात.

तुला पेटीवरून उठवून बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात घालावं, हा निकाल कमिटीचा. मी तिथं नव्हते.

खुलासा करावासा वाटला तर कर.

सोजर


सोलापूर, ता. ११ ऑगस्ट १९२९

महानंदा हिस सलाम.

उत्तर नाही. ठीक आहे.

पेटीवर आता निंगप्पा पाळकांची सून बसते. ताल चुकत नाही, सूर चुकत नाही, आणि ऐकावंसं काही वाटत नाही. ‘मेंढरू’ला कमिटीनं विलायती चाल लावली आहे. पोरं ती म्हणताना एरंडेल घेतल्यासारखी तोंडं करतात. परवा माजिदानं हात वर करून विचारलं, “बाई, जुनं मेंढरू कुटं गेलं?” मी तिला गप्प बस म्हटलं.

शब्दही बदलले. धनी पाठी कसा चालेल, पुढं चालायला हवा, शास्त्रात तसं आहे, असं मास्तर म्हणाले. आता ते असं आहे: ‘मेंढरू लहान, वाट कुठे, धनी चालतो माझ्या पुढे.’ वाच आणि हस. ‘वाट कुठे’ म्हणणारं मेंढरू मी जन्मात पाहिलं नाही.

मास्तरांना मी माझ्या बापाचं सांगून पाहिलं. आमच्या कळपापुढं कुत्रं आणि थोरली मेंढी असायची, धुळाप्पा धनगर सगळ्यांच्या मागं. मी त्याच्याबरोबर चालायची तेव्हा पाच वर्षांची असेन. तो म्हणायचा, “म्होरल्याला वाट ठावं असती. मागल्यालाच धनी लागतो.” मास्तर म्हणाले, “तुमचे वडील पवित्र शास्त्राहून मोठे का, सोजरबाई?” नव्या शब्दांच्या कागदावर मी सही केली.

ती ‘पाठी’ची ओळ तुलाही फार आवडायची. पहिल्यांदा ऐकून तू पेटी थांबवलीस आणि म्हणालीस, “मागं राहिलेल्याला बघणारं कुणीतरी आहे म्हणायचं.” तेव्हा मला वाटलं, ओळ चांगली जमली म्हणून बोललीस.

बाकीची वीस गाणी पुस्तकात येणार हे ठरलं. लोक म्हणतील, सोजरनं आपली गाणी वाचवली. म्हणू देत. मला विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. विचारल्यावर खोटं बोलायचं होतं का? लहानपणापासून आपल्याला हेच तर शिकवलं.

वरचं वाक्य लिहून बसले. आता खोडत नाही. कागदही एकच आहे. तुला ते बाहेरून कळलंच असेल, म्हणूनच तू बोलत नसशील.

पण मी तुझं नाव घेतलं ते तू माझ्याशी खोटं बोललीस म्हणून, हेही ध्यानात ठेव. आधी कुणी कुणाला फसवलं?

सोजर


सोलापूर, ता. २२ जानेवारी १९३०

महानंदा हिस सलाम.

तुझी मावशी गड्ड्याला आली होती.

मी वर्गात होते. शिपाई म्हणाला, फाटकाशी ती चटणीवाली बाई उभी आहे. गेले. पदर डोक्यावरून घेऊन, अंग चोरून उभी होती. कनातीत पाहिली ती बाई हीच का, असा प्रश्न पडावा. म्हणाली, “नंदीला बलवा की जरा. लई येळ न्हाय घेत.”

मी म्हटलं, ती इथं नाही, गेली.

“कुटं गेली?”

मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

होय, म्हटलं. तुझा मिरजेचा पत्ता माझ्या पोलक्याच्या खिशात होता, आणि मी ठाऊक नाही म्हटलं. वीस वर्षं साधीसुधी मावशी म्हणून फसवत आली, आता तिलाही कळू दे फसणं काय असतं, असं मनात आलं. तिनं पुरचुंडी माझ्या हातात दिली. “मग तुमीच खावा,” म्हणाली, आणि शिपायानं हटकायच्या आत निघून गेली.

चटणी फडताळात आहे. खाववत नाही आणि टाकवतही नाही.

सोजर


सोलापूर, ता. ६ जुलै १९३०

महानंदा,

मार्शल लॉ उठला. आम्ही सगळे धड आहोत. तू काळजी करत असशील असं नाही, पण कळवते.

सगळे दिवस पोरी बोर्डिंगात कोंडून होत्या. बाहेर शिपायांचे बूट वाजले की लहान पोरी एकमेकींना चिकटायच्या. एका संध्याकाळी असेच बूट वाजले, आणि कोपऱ्यातून कुणीतरी ‘मेंढरू’ सुरू केलं. जुन्या चालीवर. ‘माझ्या पाठी’ म्हणत. हळूहळू सगळ्या म्हणायला लागल्या, आणि गात गात शेवटी डुलक्या घ्यायला लागल्या. माझ्या पायाशी चौघी तशाच झोपल्या.

बोर्डिंगच्या मिससाहेब दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोरींना थांबवलं नाही.

एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात घोळते आहे. नाचायची चाल ऐकून पोरं झोपतील कशी?

सोजर


सोलापूर, ता. १९ जानेवारी १९३१

प्रिय महानंदा हिस,

सप्रेम सलाम. तुला तो घ्यायचा नसेल तर बाजूला ठेव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

या गड्ड्याला मी फाटकाशी वाट बघत थांबले नाही. मीच कनातीकडे गेले, दिवसाढवळ्या, मिशनची पांढरी साडी नेसून. लोक बघत होते. बघू देत म्हटलं.

ती मागच्या बाजूला चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. मला बघून पीठ हातातच ठेवून उठली. “नंदीचं काय बरंवाईट झालं का, बाई?” हे तिचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, नाही, ती खुशाल आहे, मिरजेला आहे. तेव्हा ती परत चुलीपाशी बसली आणि म्हणाली, “मग गेल्या साली का न्हाय सांगितलं?”

मी चुलीत एक लाकूड सरकवलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. एवढं मोठं मन मला कुणी दिलं असतं तर बरं झालं असतं.

मी विचारलं, तुमची बहीण, महानंदाची आई, कधी वारली? ती मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, “कुटली भैन? म्याच की तिची आई. केराबाई माझं नाव.”

महानंदा, ते मी कसं ऐकलं ते तुला लिहून कळणार नाही. तिनं भाकरी करता करता सगळं सांगितलं. तू सहा वर्षांची. फडाचा मालक म्हणाला, आणखी चार वर्षांनी पोरीच्या पायात चाळ बांधू. त्याच आठवड्यात ती तुला घेऊन मिशनच्या फाटकाशी आली. “कागदावर अंगटा घेतला बाई त्यांनी. फडाची बाई आई म्हनून हितं यायची न्हाय, पोरीला नाव लागतं. पोरीनं बी आई मेली म्हनून सांगायचं. मग म्या मावशी झाले. वरसातनं एकदा. पोरीला म्हनलं, नंदे, मला आई म्हनलीस तर ते तुला भाईर काडतील. सा वर्साची व्हती, पर कदी चुकली न्हाय बगा.”

कधी चुकली नाहीस. माझ्यापाशीसुद्धा नाही. एका घोंगडीत निजत होतो तरी नाही. मी यालाच दोन वर्षं खोटेपणा म्हणत होते.

मग मी चालीचं विचारलं. ही चाल तुमच्या फडावर आधी होती ना? तिनं होय म्हणावं, असं मला मनातून वाटत होतं. होय म्हणाली असती तर निदान तेवढं तरी माझं खरं ठरलं असतं.

ती हसली. पिठाचे हात गुडघ्यावर ठेवून हलक्या आवाजात म्हणायला लागली:

निज माझे नंदे, मीट डोळं,
फडात वाजलं झांज नि टाळं.
आई जाईल, आई यील,
येताना नंदीला खांद्यावर घील.

तीच चाल. तिसऱ्या ओळीत तोच हेलकावा. तो हेलकावा, कनातीच्या मागं तुझी झोळी टांगलेली असायची ना, एका पायानं तिला झोका देत ती म्हणायची, त्या झोक्याचा आहे. म्हणाली, “ही म्या नंदीपायी बांदली. एक डाव मालकानं ऐकली, म्हनला, झ्याक चाल हाय, फडावर घे. म्या न्हाय म्हनले. त्यानं घेतलीच. पावन्यांम्होरं ती म्हनताना पयल्यांदा माझं पाय उचललं न्हाईत. मंग म्हनलं, चाल तर गेली फडावर, लेक तरी जाऊ द्यायची न्हाय.”

तेव्हा तू मला सांगितलंस ते खरं होतं, आई निजवताना म्हणायची. पाळण्यातून फडावर गेलेली चाल मी फडावरून पाळण्यात आलेली समजले. आणि मी तुला विचारलंही नाही. जत्रेतून शाळा पाच मिनिटांवर. तू पेटीवर पोरींचा सराव घेत होतीस, सूर मला रस्त्यावर ऐकू येत होते. मी पोरांना वर्गात सोडलं, तुझ्या सरावाच्या खोलीवरून पुढं गेले आणि सरळ जत्रेतून परतलेल्या मास्तरांच्या कचेरीत शिरले.

आता ते लिहिते, जे दोन वर्षं गिळून बसले. मास्तरांनी मला एवढंच विचारलं होतं, “ही चाल कुठून घेतली?” जात्यावरची आहे म्हटलं असतं तर ते मानणार होते. त्यांना स्वतःचं जत्रेत जाणं झाकायचं होतं, ते जास्त खोलात गेलेच नसते. मीच बोलले. तुझं नाव, तुझ्या मावशीचं नाव, कनात, घुंगरं, सगळं. कुणी दटावलं नाही, कुणी शपथ घातली नाही. उलट मास्तरच म्हणाले, “हळू बोला, बाई.” मग त्यांनी विचारलं, बाकीच्या वीस चाली? मी म्हटलं, त्या माझ्या. तुझ्या वीस चाली मी आपल्या नावावर केल्या, म्हणजे पुस्तकातून जाऊ नयेत. मी तिथं नव्हते, असं पहिल्या पत्रात लिहिलं. निकाल दिला तेव्हा दाराबाहेर बाकावर बसले होते. आत नव्हते, एवढंच त्यात खरं.

माझा विश्वासघात झाला म्हणून मी सोलापूरभर तोंड वाकडं करून फिरले. माझी फसवणूक कुणी केलीच नव्हती, महानंदा. फितूर मी झाले.

काल कमिटी बसली. पुस्तक छापायला जायचं होतं. मी उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं, वीस चालींसकट. मग म्हटलं, ‘मेंढरू’ मूळ चालीवर घ्या, धनी पाठीच चालू दे, आणि डोक्यावर ‘चाल : केराबाईचा पाळणा’ असं छापा. ज्ञानबा मास्तर म्हणाले, “देवाच्या पुस्तकात फडाच्या बाईचं नाव?” मी म्हटलं, “लावणी तुम्ही पहिल्या ओळीलाच ओळखलीत, मास्तर. पाळणा ओळखायला मलाही दोन वर्षं लागली.” कुणीतरी खोकलं. मिससाहेब खाली बघत होत्या. त्या कागदावरचा अंगठा कुणी घेतला होता ते त्यांना आठवत असावं.

शेवटी नाहीच म्हणाले. मग मी आपली एकवीसही गाणी परत मागितली. दिली. पुस्तक आपल्यावाचून छापून येईल. बरंच आहे. पोरांना पाठ आहेत. शाळेतली जागा माझी राहते की नाही ते मार्चात कळेल. त्याची भीती वाटते, नाही असं नाही. बत्तीस वर्षांची बाई मी, मेंढरं राखायचंही विसरले.

तू परत ये असं लिहायला मी कोण? माझा बाप मागं राहिलेल्यासाठी थांबायचा, आणि मी त्याचीच ओळ गाण्यात घालून तुला वाटेत टाकून पुढं गेले. क्षमा मागते. ती दे असं म्हणत नाही. नुसती मागते.

आणखी एकच सांगायचं आहे. केराबाईला मी तुझा पत्ता दिला. तुला न विचारता दिला, हाही गुन्हा माझ्या नावावर धर. गड्डा उठला की ती मिरजेला निघणार आहे. मधल्या जंक्शनला उतरून मिरजेच्या धाकट्या गाडीत बसायचं, हे मी तिला तीनदा पाठ करून घेतलं आहे. काळी घोंगडी तिच्या खांद्यावर असेल, आपलीच, थंडीची मी दिली. चटणी तिनं या खेपेला दुप्पट केली आहे.

दवाखान्याच्या दाराशी ती अंग चोरून उभी राहील. तिला सवय झाली आहे. कुणी विचारलं तर सवयीनं सांगेलही, मी पोरीची मावशी म्हणून. तिथं कुणाचा अंगठा घेतलेला नाही, महानंदा. बाहेर ये, आणि चारचौघांत तिला आई म्हणून हाक मार.

तुझी
सोजर